कोहळ्याले फुलं लय, फळ एकबी टिकत नाही

गोठेवाली (आर्वीजवळ, वर्धा):
राजेहो, काही तरी सांगा. गोठ्याच्या टिनावर कोहळ्याचा वेल चढवला. सुपाएवढी पानं, फुलं तर मोजता येत नाहीत. पण फळ लिंबाएवढं झालं की पिवळं पडते, तोंडाकून सडते अन् टपकन खाली. अकरा गेले असे. शेणखत कमी नाही. सासूबाईनं नजर लागली म्हणून टिनाले जुना जोडा बांधला, तरी बारावं गेलंच. बाजूच्या वावरात पऱ्हाटीवर सकाळी सातलेच फवारणी सुरू होते, त्याचं तर नसंन?

धुऱ्यावरचा मास्तर:
त्याचंच असेल. फुलं नीट पाहा ताई. बुडाशी इवलंसं कोहळं असलेलं फूल मादी, नुसत्या लांब दांडीचं नर. नराचा पराग जड अन् चिकट, वाऱ्यानं उडत नाही. मधमाशीच्या अंगाला लागूनच मादीपर्यंत जातो, नाही पोचला तर फळ असंच सडून गळतं. फूल उघडतं पहाटे, उन्हं चढली की मिटतं. नेमकं तेव्हाच शेजाऱ्याचा पंप! झड लागली तरी माशी फिरकत नाही. सकाळी सहा-सातला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. एका नरात दोन-तीन माद्या होतात.

एकच एकर:
मक्याचं उलटं, त्याले माशीची गरज नाही, वाराच लागते. म्या दरसाल धुऱ्यावर एकच ओळ टाकत होतो. तुऱ्यातला पराग वारा भलतीकडेच उडवून ने, अन् कणीस पाहाल तर म्हाताऱ्याच्या तोंडावानी, मधामधात दात पडलेले. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेक दाणा. केसाले पराग लागला नाही तर तिथं खाच. आता चार आखूड ओळी शेजारी शेजारी टाकतो.

गोठेवाली:
मास्तर, आठ दिवस केलं. सात माद्यांले लावलं, पाच टिकल्या, एक तर नारळाएवढं झालं. बोटं पिवळी झाली म्हणून पोरगी हासते. पण दोडक्याले गेली तर सकाळी फूल बंद!

धुऱ्यावरचा मास्तर:
दोडकं संध्याकाळचं गिऱ्हाईक, पाचनंतर जा. लवकीचं पांढरं फूल तर दिवेलागणीला उघडतं, त्यावर पतंग येतात. आमच्याकडच्या मोहाला रात्री वटवाघळं लागतात. पण शेजाऱ्याशी बोला आधी, रोज कुठवर बोटं पिवळी कराल?

गोठेवाली:
बोलली. चारनंतर फवारतो म्हणे, पण पहिलं पिकलेलं कोहळं त्याचं. अन् सासूबाई जोडा सोडू देत नाहीत, त्यायच्या मते पाचही त्यानंच टिकले.