ईआरपीसाठी रिक्वायरमेंट लिहायचीय, सुरुवात नेमकी कुठून करायची?

भोसरी_पीपीसी
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत मशीन्ड पार्टच्या कंपनीत पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. टर्निंग-मिलिंग आमच्याकडेच होतं, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला जातं, माल चाकणच्या मोठ्या कस्टमरना. आत्ता अकाउंट टॅलीत आहेत आणि बाकी सगळं एक्सेल, स्टोअरच्या वह्या आणि व्हॉट्सअॅपवर चालतं. मालकांनी ठरवलंय की १ एप्रिलपासून सगळं एका सिस्टीमवर, म्हणजे ईआरपीवर, घ्यायचं. एका व्हेंडरने डेमो दिला, छान वाटला, चार महिन्यात फिक्स रेटमध्ये करून देतो म्हणाला, फक्त तुमची रिक्वायरमेंट लिहून द्या. ते काम माझ्यावर आलंय. मी आयटीवाला नाही. नेटवरून एक टेम्प्लेट घेतलं त्यात खरेदी, स्टोअर, प्रॉडक्शन, क्वालिटी, डिस्पॅच असे रकाने आहेत आणि प्रत्येकात मी काहीतरी भरत बसलोय पण वाचल्यावर असं वाटतं की हे कुठल्याही कंपनीचं असू शकतं, आमचं त्यात काहीच नाही. नेमकं काय आणि किती खोलात लिहायचं? आणि चार महिने हा आकडा बरोबर की चूक हे कसं ओळखायचं?

कोथरूडची_अनालिस्ट
दादा, वाचून जे वाटलं तेच बरोबर आहे, ते टेम्प्लेट आत्ता बाजूला ठेवा. डिपार्टमेंटप्रमाणे लिहायला बसलं की प्रत्येक जण आपापली स्क्रीन मागतो आणि दोन डिपार्टमेंटच्या मधे जे घडतं ते कुणीच सांगत नाही, आणि सिस्टीम अडकते ती नेमकी तिथेच. त्यापेक्षा तुमचा एक चालू पार्ट निवडा, शक्यतो सगळ्यात त्रास देणारा, आणि कच्च्या मालाचा बार आत येण्यापासून कस्टमरचं पेमेंट जमा होईपर्यंत त्याच्या मागे मागे जा. केबिनमध्ये मीटिंग घेऊन नको, गेटवर, स्टोअरमध्ये, शिफ्ट बदलताना सुपरवायझरच्या शेजारी उभं राहून. मीटिंगमध्ये लोक काम कसं व्हायला पाहिजे ते सांगतात, प्रत्यक्षात काय होतं ते वहीत दिसतं. वहीत जिथे खाडाखोड असेल, समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, तिथे थांबून विचारा की हे का लिहिलं. खरी रिक्वायरमेंट तिथे असते.

तुमच्याच प्लेटिंगचं घ्या. माल नगावर मोजून जातो आणि प्लेटिंगवाला वजनावर परत देतो, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. मग प्लेटिंगने वजन थोडं वाढलेलं, एका चलनाचा माल तीन खेपांत आलेला, त्यातल्या एका खेपेत आधीच्या चलनाचे राहिलेले नग मिसळलेले, काही रिजेक्ट होऊन रीवर्कला परत गेलेले. आज हे सगळं तुमच्या स्टोअरवाल्याच्या डोक्यात आहे. "जॉबवर्क मॅनेजमेंट पाहिजे" असं लिहून दिलंत तर व्हेंडर हो म्हणेल आणि खोटंही बोलणार नाही, कारण त्याच्याकडे एक चलन आणि एक रिसीट अशी स्क्रीन असतेच. त्याऐवजी लिहा की नगात गेलेला माल किलोत परत आला तर नग कसे काढायचे, फरक किती टक्क्यांपर्यंत चालेल, त्याच्या वर गेला तर कोण मंजुरी देणार, आणि एक रिसीट दोन चलनांवर कशी वाटायची. असं वाक्य पुढे टेस्टिंगला जसंच्या तसं वापरता येतं, सिस्टीमला हे जमलं की नाही एवढंच बघायचं.

खोलात किती जायचं याचं माझं मोजमाप साधं आहे. प्रत्येक आकड्याला विचारायचं: हा कोण टाकणार, कधी टाकणार, कशावरून टाकणार, आणि चुकला तर कुणाला कळणार. चारही उत्तरं मिळाली की तिथे थांबा.

पिंपळे_सौदागर_डेव्ह
ताईंच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा, मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे सॉफ्टवेअर करून देणारा. चार महिन्यांबद्दल बोलतो. रिक्वायरमेंट हातात नसताना दिलेला कुठलाही आकडा हा विक्रीचा आकडा असतो, कामाचा नाही. व्हेंडर वाईट असतो असं नाही, पण फिक्स रेटमध्ये त्याला स्कोप छोटा ठेवण्यातच फायदा आणि तुम्हाला मोठा करण्यात, मग प्रत्येक गोष्ट चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा पैशांचा बदल, होते आणि रोज वाद.

माझं ऐकाल तर काम दोन भागांत द्या. आधी फक्त अभ्यास, त्याचे वेगळे पैसे, शेवटी लेखी रिपोर्ट, आणि तो रिपोर्ट तुमच्या मालकीचा, म्हणजे पाहिजे तर दुसऱ्या व्हेंडरकडेही नेता येईल. त्यानंतरच डेव्हलपमेंटचा रेट आणि तारीख. अंदाज काढताना एका आकड्यावर राहू नका, प्रत्येक कामाला तीन विचारा: सगळं सुरळीत गेलं तर किती, साधारण किती, सगळं बिघडलं तर किती. मधल्याला चार पट वजन देऊन तिन्हींची बेरीज भागिले सहा, ही पर्ट या प्रोजेक्ट प्लॅनिंगच्या तंत्रातली जुनी पद्धत, १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामातून आलेली. समजा जुना डेटा साफ करून चढवायला दोन, चार आणि बारा आठवडे असे आकडे आले, तर हिशोब पाच आठवड्यांवर येतो. पण मी त्या पाचपेक्षा दोन आणि बारामधल्या अंतराकडे जास्त बघतो. एवढं अंतर आहे म्हणजे त्या कामाबद्दल अजून कुणालाच नीट माहिती नाही, आणि अभ्यास आधी त्याचाच करायचा.

डेटावरून आठवलं, आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या कोडची यादी, आजच उघडा. एकच बार तीन नावांनी तीन कोडवर असतो बघा. ही सफाई व्हेंडर करू शकत नाही, तुमच्याच माणसाला करावी लागते आणि कुठल्याच प्लॅनमध्ये तिला जागा नसते.

भोसरी_पीपीसी
दोघांचे मनापासून आभार. बार तीन कोडवर आहे, आत्ताच बघितलं. मालकांशी बोललो तर ते म्हणतात अभ्यासाला वेगळे पैसे कशाला, डेमोत सगळं दिसलं की, आणि नाही जमलं तर सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला पाहिजे तसा बदल करून घेऊ. यावर काय सांगू?

श्टुटगार्टहून
त्यांना लिडलची गोष्ट सांगा. मी इकडे ईआरपीच्याच कामात आहे आणि इथे हा विषय निघाला की हे उदाहरण येतंच. लिडल म्हणजे जर्मनीतली प्रचंड मोठी सुपरमार्केट साखळी, मुख्य ऑफिस इथून जवळच नेकार्सुल्मला. २०११ मध्ये त्यांनी जुनी सिस्टीम काढून एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरवर जायचं काम सुरू केलं आणि २०१८ मध्ये सगळं थांबवलं, तोपर्यंत सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. अडचणी बऱ्याच होत्या पण गाजलेली एक म्हणजे स्टॉकची किंमत. लिडल माल खरेदीच्या किमतीवर धरत होतं आणि ते सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीवर. कंपनीला आपली पद्धत सोडायची नव्हती म्हणून सॉफ्टवेअर बदलत गेले, एक बदल दुसऱ्याला भिडतो, मग तिसरा करावा लागतो, नवीन व्हर्जन आलं की सगळं परत तपासा. "आपल्याला पाहिजे तसा बदल करून घेऊ" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं हे मी बरीच वर्षं जवळून बघतोय.

त्यामुळे अभ्यासाच्या रिपोर्टमध्ये फरकांची यादी मागाच. सॉफ्टवेअर कसं चालतं, आपण कसं चालतो, आणि प्रत्येक फरकापुढे निर्णय: आपण बदलायचं की सॉफ्टवेअर. निर्णयाखाली मालकांची सही. माझं मत, शक्यतो आपणच बदलायचं.

सनदी_लेखापाल_चिंचवड
वरच्या भावाचं तत्त्व मान्य पण ऑटोवाल्यांच्या बाबतीत एवढं सोपं नाही, काही पद्धती तुमच्या नसतातच, कस्टमरच्या असतात. स्टीलचा भाव बदलला की कस्टमर मागच्या तारखेपासून रेट अमेंडमेंट पाठवतो, मग चार-सहा महिन्यांच्या जुन्या बिलांवर डेबिट किंवा क्रेडिट नोटा काढाव्या लागतात. डेमोत हे कुणी दाखवत नाही. तुम्ही स्वतःची एक जुनी अमेंडमेंट घेऊन जा आणि म्हणा, हे समोर करून दाखवा.

कायद्याच्या गोष्टी पण रिक्वायरमेंटमध्ये स्पष्ट लिहा, व्हेंडरला माहीत असेल असं धरू नका. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं जीएसटी धरतं, म्हणून प्रत्येक चलनाचं वय दिसलं पाहिजे आणि मुदतीच्या बरंच आधी सूचना आली पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइस लागतं, आणि आयआरएन, म्हणजे त्या ई-इनव्हॉइसचा नंबर, पोर्टलवर फक्त २४ तासांत रद्द होतो, म्हणजे डिस्पॅचला चूक कळली तर ती अकाउंटला त्याच दिवशी कळण्याची सोय हवी. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारं ऑडिट ट्रेल बंद करता न येणारं असावं लागतं. या तिन्ही गोष्टींत "आपण बदलायचं की सॉफ्टवेअर" हा प्रश्नच नाही.

आणि १ एप्रिलचा हट्ट सोडायला सांगा. हिशोबाला तारीख सुटसुटीत वाटते हे खरं, पण मार्चमध्ये डिस्पॅचचा जोर, स्टॉक मोजणी, बिलं बंद करणं, आणि तीच माणसं नवीन सिस्टीमचं ट्रेनिंग घेणार? अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने चार वर्षांचं म्हणून धरलेलं काम अडीच वर्षांत बसवलं, १९९९ च्या जुलैमध्ये तीन सिस्टीम जवळपास एकदम चालू केल्या, म्हणजे हॅलोविन या चॉकलेट वाटायच्या सणाच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर. माल गोदामात होता तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर देता आल्या नाहीत. वर्षाच्या मध्ये कुठल्याही महिन्याच्या १ तारखेला ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलका) आणि मोजलेला स्टॉक चढवून चालू करता येतं, तुमच्या ऑडिटरशी एकदा बोलून घ्या.

भोसरी_पीपीसी
स्टील अमेंडमेंटचा मुद्दा मालकांना लगेच पटला, गेल्या वर्षीच्या नोटांचा गोंधळ त्यांना आठवतोय. व्हेंडरला जुनी अमेंडमेंट आणि प्लेटिंगची पाच खरी चलनं देऊन परत डेमो मागितलाय, तारखेचं त्यानंतर ठरवू म्हणाले. एकच राहिलं, मशीनवर प्रॉडक्शनची एंट्री ऑपरेटरने करायची की सुपरवायझरने? व्हेंडर म्हणतो प्रत्येक मशीनला टॅब लावा.

कोथरूडची_अनालिस्ट
दुसरा डेमो होताना स्टोअरवाल्याला शेजारी बसवा, तो जे प्रश्न विचारेल ते सगळे लिहून घ्या.

टॅबचं म्हणाल तर सुरुवातीला नको. हाताला कूलंट लागलेलं असताना कुणी टॅबवर आकडे भरत नाही, मग शिफ्ट संपताना अंदाजाने भरले जातात आणि दोन महिन्यांत त्या आकड्यांवर कुणाचाच विश्वास राहत नाही. शिफ्टला एकदा, सुपरवायझरने, चांगले नग, रिजेक्शन आणि कारण एवढंच. कारणांची यादी सात-आठच्या पुढे नेऊ नका, आणि ती क्वालिटीवाल्यांकडून न घेता ऑपरेटरना विचारून त्यांच्याच शब्दांत करा.