मदत हवी आहे: ई-मासिकात साड्यांचे रंग फिके पडतायत, पानही लवकर उघडत नाही

अंकसंपादक_नेरुळ
आमच्या कॉलेजचं ऑनलाइन फॅशन मासिक आहे, सगळं काम विद्यार्थीच करतात. या वेळचा अंक हातमागावर: पैठणी, खण, करवतकाठी. फोटो-फीचर साइटवर चढवलं आणि राणी रंगाचं पार पाणी झालं. मोरपंखी राखाडी दिसतोय. लॅपटॉपवर तेच फोटो झळाळतात. शिवाय मोबाइलवर पान इतकं रेंगाळतं की वाचणारा मागे फिरतो. होस्टिंगवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या. सोमवारी अंक प्रसिद्ध करायचाय, तारीख विभागप्रमुखांना कळवून झालीय. काय करू? लवकर सांगा.

शटर_कोपरी
साइट कशावर आहे? फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेत का? एक्स्पोर्ट कशातून केले, कुठल्या कलर स्पेसमध्ये (रंगांच्या कुठल्या मापात)? एका फाइलचं वजन किती? हे कळल्याशिवाय मोठ्या प्लॅनचे पैसे भरू नका.

पामबीच_वॉकर
साइट हवीच कशाला? इन्स्टाच्या एका कॅरोसेलमध्ये २० फोटो बसतात. पूर्ण अंकाची पीडीएफ करा, बायोमध्ये लिंक द्या. होस्टिंगचा खर्च नाही, डोकेदुखी नाही. विद्यार्थी तसेही तिथेच असतात.

शटर_कोपरी
@पामबीच, पीडीएफ मोबाइलवर दोन बोटांनी ताणून वाचावी लागते, आणि दोन वर्षांनी कुणी ‘करवतकाठी’ शोधलं तर इन्स्टाची पोस्ट सापडणं कठीण. मासिक म्हटलं की जुने अंक हाताशी राहायला हवेत. आणि रंगाचं काय? चुकीचा कलर प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे वाचायचे ही फाइलमधली नोंद) पीडीएफमध्येही घोळ घालेल.

अंकसंपादक_नेरुळ
वर्डप्रेस, वर एलिमेंटर (पानं मांडायचं प्लगइन). फोटो रॉ, लाइटरूममधून. एकेक फाइल ९-१० एमबी. कलर स्पेस फोटो टीमला विचारून सांगते.

अंकसंपादक_नेरुळ
अडोबी आरजीबी. कॅमेऱ्यातही तेच लावलंय, त्यात जास्त रंग येतात म्हणून.

घणसोली_ग्राफिक्स
मग सोपं आहे. फोटोशॉपमध्ये उघडा, एडिट मेन्यूत ‘असाइन प्रोफाइल’, तिथे एसआरजीबी (वेबची नेहमीची कलर स्पेस) निवडा, सेव्ह करा. दोन मिनिटांचं काम.

शटर_कोपरी
नको! ‘असाइन’ केलं तर आकडे तेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. म्हणजे साइटवर जो फिका रंग दिसतोय तोच आता मूळ फाइलमध्ये कायमचा येईल. ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ हवं, त्यात दिसणारा रंग तोच ठेवून आकडे बदलले जातात. एकच मेन्यू, एकाखाली एक पर्याय, आणि परिणाम अगदी उलटे.

इथे तर फोटोशॉपची गरजच नाही, रॉ हाताशी आहेत. लाइटरूममधूनच पुन्हा एक्स्पोर्ट करा: जेपीईजी, कलर स्पेस एसआरजीबी, क्वालिटी ७५ ते ८०, लांब बाजू २००० पिक्सेल, शार्पनिंग ‘स्क्रीन’साठी ‘स्टँडर्ड’. लेखाच्या मधल्या लहान फोटोंना १२०० पुरे. ९ एमबीची फाइल ४००-५०० केबीवर येईल. दाट जरीकाम असेल तर थोडी जास्त, चालेल. कॅमेऱ्यातली कलर स्पेस रॉला लागत नाही, फक्त कॅमेऱ्यातून थेट निघणाऱ्या जेपीईजीला लागते. त्यामुळे मूळ फोटोंचं काही बिघडलेलं नाही.

घणसोली_ग्राफिक्स
बरोबर, कन्व्हर्टच. पण प्रोफाइल फाइलमध्येच असतो ना? ब्राउझर तो वाचतात. मग फिकं का दिसावं?

सर्व्हर_सानपाडा
मूळ फाइल फिकी नसणारच. वर्डप्रेस फोटो चढवताना लहान प्रती बनवतं आणि वाचकाला त्याच दाखवतं. या प्रती बनवायला सर्व्हरवर इमॅजिक असेल तर प्रतीत प्रोफाइल टिकतो, जीडी असेल तर गळतो. प्रोफाइल गेला की ब्राउझर फोटो एसआरजीबी समजून दाखवतो आणि अडोबी आरजीबीचा रंग मरतो. टूल्स > साइट हेल्थ > इन्फो > मीडिया हँडलिंग इथे ‘अ‍ॅक्टिव्ह एडिटर’ कुठला ते बघा. फोटो आकसणारं प्लगइन असेल तर त्यातही ‘मेटाडेटा काढून टाका’ला टिक असते, प्रोफाइल तिथेही जाऊ शकतो.

खात्री करायची तर पानावरच्या फोटोचा पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा. २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो असेल तर नावाच्या शेवटी ‘-स्केल्ड’ असं (इंग्रजीत) जोडलेलं असतं, ते आडव्या रेघेसकट खोडलं की मूळ फाइल उघडते. मूळ झळाळती आणि स्केल्ड फिकी दिसली तर कारण सापडलं.

वेगाबद्दल: एलिमेंटरमध्ये सेक्शनची पार्श्वभूमी म्हणून लावलेला फोटो मोबाइललाही मोठाच जातो. इमेज विजेटमध्ये लावला तर स्क्रीनप्रमाणे लहान प्रत निवडली जाते. म्हणून फीचरचे फोटो पार्श्वभूमीतून काढा. पहिल्या मोठ्या फोटोचं लेझी लोड (खाली सरकल्यावरच फोटो मागवणं) बंद ठेवा, बाकीच्यांचं चालू. स्लायडर असेल तर उडवा, त्यातले बरेचसे सगळे फोटो एकदमच मागवतात. सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे. एवढं केलं तर आहे त्याच प्लॅनवर भागण्याची शक्यता खूप आहे.

खणवेडी_डोंबिवली
खणाचे क्लोज-अप असतील तर शंभर टक्क्यांवर झूम करून तपासा. बारीक विणीवर इंद्रधनुषी लहरी उमटल्या असतील तर तो मॉयरे, म्हणजे वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर आदळतात. लाइटरूमच्या मास्किंग ब्रशमध्ये मॉयरेचा स्लायडर आहे, पण फार ओढला तर बाजूचा रंगही पुसतो. पुन्हा शूट करणार असाल तर अर्धा फूट पुढे-मागे सरका किंवा कापड किंचित तिरपं धरा.

फोटो लहान करताना नव्याने मॉयरे येतो हेही लक्षात ठेवा. २००० पिक्सेलची फाइल स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चढवू नका.

राणी आणि मोरपंखी एसआरजीबीत काठोकाठ असतात. एक्स्पोर्टआधी सॉफ्ट प्रूफिंग (एक्स्पोर्टनंतरचा रंग आधीच दाखवणारी लाइटरूममधली सोय) चालू करून बघा, जिथे रंग सपाट होतोय तिथे त्याच रंगाचं सॅच्युरेशन थोडं खाली घ्या. पदरातले मोर पुन्हा वेगळे दिसायला लागतात. पैठणीचा पदर सपाट दिसणं म्हणजे विणकराच्या कामावर बोळा फिरवणं आहे.

प्राध्यापक_बेलापूर
आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घेतलात का? भारतात तो मोफत मिळतो, ऑनलाइन नियतकालिकांनाही. साइटवर नियतकालिकाचं नाव, प्रकाशक, अंक क्रमांक आणि वर्ष स्पष्ट दिसायला हवं. छापील अंक काढायचा विचार झाला तर २०२३ चा नियतकालिक नोंदणी कायदा बघावा लागेल, १८६७ चा जुना कायदा आता नाही.

अंकसंपादक_नेरुळ
सर, ते पुढच्या अंकाला बघू. आत्ता रंग. जीडीच आहे! पाच फोटो पुन्हा एक्स्पोर्ट करून बघते.

घणसोली_ग्राफिक्स
शूट कुठे केलं? आमच्याकडच्या मुलांना सीवूड्स स्टेशनवर हटकलं होतं.

शटर_कोपरी
रेल्वेच्या हद्दीत मॉडेल आणि रिफ्लेक्टर घेऊन गेलात की लेखी परवानगी मागणारच. ठाण्यातल्या येऊरचा बराचसा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे वनखातं. तलावपाळी किंवा उपवन सकाळी सात ते साडेआठ, ऊन कोवळं आणि गर्दी कमी. ५ मिमीचा पांढरा सनबोर्ड रिफ्लेक्टर म्हणून पुरतो. जरीला उजेड बाजूने द्या, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली, नाहीतर जरी पांढरी फुटते. कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये काढत असाल तर ट्यूब बंद करा, खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की हिरवट छटा साडीपेक्षा चेहऱ्यावर जास्त दिसते.

कायदा_कळवा
रंगांपेक्षा महत्त्वाचं: मॉडेल झालेल्यांत ज्युनियर कॉलेजची मुलं आहेत का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे. पालकांची लेखी संमती घ्या. त्यात फोटो साइट, इन्स्टा, पोस्टर यांपैकी कुठे वापरणार आणि काढून टाकायला सांगायचं तर कुणाला, हे लिहा. छायाचित्रकाराकडूनही परवानगी लेखी घ्या. मोबदला न घेता मित्राने फोटो काढले तर कॉपीराइट १९५७ च्या कायद्यानुसार त्याचा असतो, मासिकाचा नाही.

अंकसंपादक_नेरुळ
बारावीच्या दोघी आहेत. फॉर्म उद्याच देते.

पाच फोटोंचे रंग आले! राणी राणीच दिसतोय. आता बाकीचे सगळे एकेक करून लेखात पुन्हा घालायचे का?

सर्व्हर_सानपाडा
नाही. ‘एनेबल मीडिया रिप्लेस’ प्लगइन टाका आणि मीडिया लायब्ररीतून एकेक फाइल बदला. फाइलचं नाव तेच ठेवायचा पर्याय निवडा म्हणजे लेखातले दुवे तुटत नाहीत, लहान प्रतीही नव्याने बनतात. नंतर कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामा करा आणि फोनवर खासगी टॅबमध्ये बघा, नाहीतर जुनेच फोटो दिसतील. सुरू करण्याआधी बॅकअप.

देवनागरी_ऐरोली
पान पाहिलं. शीर्षकांची शिरोरेषा तुटलीय. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं, त्याने देवनागरी अक्षरं सुटी होतात. एलिमेंटरच्या टायपोग्राफीत ते शून्य करा. मजकुराची लाइन-हाइट १.६ च्या वर ठेवा, आत्ता वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना टेकतायत. सेटिंग्ज > जनरलमध्ये साइटची भाषा मराठी निवडा, मग मुक्ता, बालू यांसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. डॅशबोर्डही मराठी होईल, तो नको असेल तर प्रत्येकाने आपल्या प्रोफाइलमध्ये भाषा बदलून घ्यायची.

पामबीच_वॉकर
डोमेन कुणाच्या नावावर आहे? पास होऊन गेलेल्या सीनियरच्या मेलवर असेल तर नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्याकडे जाईल. कॉलेजकडून मासिकाच्या नावाचा मेल घ्या, डोमेन, होस्टिंग, इन्स्टा तिन्ही त्यावर हलवा.

अंकसंपादक_नेरुळ
डोमेन सीनियरच्याच मेलवर आहे, आज फोन करते. लेटर-स्पेसिंग काढलं, शिरोरेषा जुळली. फोटो बदलायला तिघांना बसवलंय, आधी पैठणीचे मग खणाचे. @खणवेडी, दोन क्लोज-अपमध्ये लहरी आहेत, ब्रशने जात नाहीयेत.

खणवेडी_डोंबिवली
ते दोन काढून टाका. त्याच साडीचा थोडा लांबून घेतलेला फोटो असेल तर तो लावा.