बारावीनंतरचा उन्हाळा, त्याचं नागपूर आणि तिचा पसंतीक्रम

(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मांजराकाठ

माझी भाची उदगीरजवळच्या गावातली. अकरावी-बारावी लातूरला केली, ट्यूशन एरियात खोली घेऊन. तिथेच एका मुलाशी तिचं जुळलं. तो पंढरपूरकडचा, इंजिनिअरिंगला जाणारा. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्याच फेरीत त्याला नागपूरचं व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज मिळालं. हिचा मेडिकलच्या नीट परीक्षेचा निकाल चांगला आहे, ८५ टक्के राज्य कोट्यातून सरकारी कॉलेज नक्की मिळेल. घरी कुणाला काही माहीत नाही. मला, म्हणजे मावशीला, तिनेच आपणहून सांगितलं.

परवा तिने कॉलेजांच्या पसंतीक्रमाची कच्ची यादी दाखवली. नागपूरची दोन्ही सरकारी कॉलेजं सगळ्यात वर, लगेच खाली गोंदिया आणि चंद्रपूर, मग लातूर, अंबाजोगाई, नांदेड. तीन सरकारी मेडिकल कॉलेजं घराच्या टप्प्यात असताना ती त्यांच्यावर गोंदिया लिहिते, आणि कारण एकच, तिथून नागपूर जवळ. २०२० पर्यंत ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच मुलांना, तेव्हा मराठवाड्यातल्या मुलांचा विचार बहुतेक मराठवाड्यातच फिरायचा. आता अख्खं राज्य खुलं आहे. ते चांगलंच झालं, पण त्यातून ही असली यादीही होऊ शकते.

माझं मत स्पष्ट आहे. दोघांनी याच उन्हाळ्यात समजून-उमजून थांबावं. द्वेषाने नाही, भांडून नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर वर्षभराची इंटर्नशिप. सतरा-अठराव्या वर्षी एवढ्या लांबच्या पल्ल्याचं वचन कुणी कुणाकडून घेऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

उमरग्याचा वाटसरू

पूर्ण सहमत. बरीच वर्षं लातुरात शिकवतोय. नीट झाली की दोन-चार दिवसांत खोल्या रिकाम्या होतात, मेसचे हिशेब मिटतात आणि पोरं आपापल्या गावी जातात. दोन वर्षं रोज समोरासमोर भेटलेली असतात. बऱ्याच हॉस्टेलांत फोनला बंदी, त्यामुळे यांचं सगळं नातं क्लास सुटल्यावरच्या दहा मिनिटांत, चहाच्या टपरीवर आणि नोट्सच्या देवाणघेवाणीत वाढलेलं. गावी गेल्यावर उलटं होतं. फोन हातात येतो, भेट बंद होते. ज्या दोघांना फोनवर बोलायची सवयच नाही त्यांनी रोज रात्री दोन-दोन तास काय बोलायचं? मग संशय सुरू होतो. कुणाशी बोलत होतीस, ऑनलाइन होतास तर उत्तर का नाही दिलंस. मी चांगली हुशार पोरं यात पिचलेली बघितली आहेत. निकालाचं दडपण असतंच, त्यात हे.

गोंदिया फलाट

असहमत. मांजराकाठ ताई, थांबा म्हणणं आणि यादी बदल म्हणणं हे दोन वेगळे सल्ले आहेत आणि तुम्ही ते एकाच गाठीत बांधलेत. मुलगी पहिला मानणार नाही, आणि त्याच्याबरोबर दुसराही फेकून देईल.

गोंदियाबद्दलही दोन शब्द, कारण मी तिथे राहिले आहे. शिक्षा म्हणून पाठवायची ती जागा नाही. कॉलेज २०१६ सालचं, म्हणजे नवं, पण रुग्ण भरपूर; मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरूनही लोक येतात. हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन आहे, नागपूर साधारण १३० किलोमीटर, दोन-अडीच तासांत पोचता येतं. त्या मुलीने नकाशा बघून विचार केला आहे, एवढं श्रेय तिला द्या.

पण तिने एक गोष्ट धरलेली दिसत नाही. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री एकदम अंगावर येतात. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, वर अंतर्गत परीक्षा. दोन तासांवर माणूस असूनही महिनोन्‌महिने भेट होत नाही. मग लातूर काय आणि गोंदिया काय! फरक पडतो तो घराचा. अंबाजोगाईत ताप आला तर आई दुपारपर्यंत एसटीने पोचते. उदगीरहून गोंदिया गाठायला तिला रात्र घालवावी लागेल. हे सांगा तिला. प्रेम थांबव असं सांगायची गरजच पडणार नाही.

शेवटचा बाक

मी मुलाच्या बाजूने लिहितो, कारण त्याच्याबद्दल सगळे बोलताहेत आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, माझी मैत्रीण कोल्हापुरात बीएस्सी करते. बारावीनंतरच्या उन्हाळ्यापासून दूरच आहोत आणि टिकून आहोत. आम्हाला अनेकांनी सांगितलं की संपवा. संपवलं असतं तर पहिल्या सेमिस्टरला मी एकटा पडलो असतो. नव्या हॉस्टेलात पहिले काही महिने कुणीच आपलं नसतं. त्या काळात मला आतून ओळखणारी ती एकटीच होती. काका-मावशा या गोष्टीला विरंगुळा समजतात. तसं नसतं हो.

उमरग्याचा वाटसरू

शेवटचा बाक, तुमचं टिकलं याचा आनंद आहे. पण तुम्ही ज्या एकटेपणाबद्दल लिहिलंत त्यातूनच नवे मित्र होतात. रोज रात्री फोन कानाला असलेला मुलगा हॉस्टेलच्या गच्चीवर जात नाही, नाटकाच्या तालमीला जात नाही, शेजारच्या खोलीतल्या आसामच्या मुलाशी ओळख करून घेत नाही. आमच्याकडचे विद्यार्थी सुट्टीत भेटायला येतात तेव्हा हे कळतं.

निशिगंध

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यातलीच, त्यामुळे सविस्तर लिहिते. इथे सगळे कॉलेज सुरू झाल्यानंतरचं बोलत आहेत. खरा कठीण काळ त्याच्या आधीचा असतो.

इंजिनिअरिंग आणि मेडिकलचं वेळापत्रक जुळत नाही. जोसाच्या फेऱ्या जून-जुलैत उरकतात, मुलगा साधारण ऑगस्टच्या सुमारास कॉलेजात असतो. आपल्या राज्याची मेडिकलची फेरी त्यानंतर चालते, वर्ग सुरू व्हायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे तो नव्या शहरात, नव्या मित्रांत, फ्रेशर्सच्या गडबडीत, आणि ती गावात, आईच्या फोनवरून, घरात कुणी नसेल तेव्हा दहा मिनिटं. लातूरला असताना रोज अभ्यासाला दिवस पुरत नव्हता, आता दिवसभर काहीच नाही. शेजारच्या बायका विचारतात, लागला का गं नंबर. अशा वेळी त्याचा एक फोन चुकला तर दिवस जात नाही. आणि पसंतीक्रम नेमका याच दिवसांत भरायचा असतो. सर्वांत हळवी असते तेव्हाच मुलगी साडेपाच वर्षांचं गाव निवडते.

अजून एक. त्याचं आधी ठरतं, तिचं नंतर. म्हणून जुळवून घेण्याची पाळी बहुतेक वेळा तिच्यावरच येते. तो काही दुष्ट नसतो, त्याची यादी आधी बंद झालेली असते इतकंच. पण ही गोष्ट मुलीला कुणी उघड करून सांगत नाही. तिला वाटतं आपण आपल्या मनाने निवडलं.

आणि फेऱ्यांचा नियम तिला नीट समजलाय का बघा. पहिल्या फेरीत अंबाजोगाई मिळालं, तिने प्रवेश घेतला आणि स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे मिळालेलीच जागा कायम ठेवायचा, फॉर्म भरला नाही, तर पुढच्या फेरीत वरची पसंती रिकामी झाली की ती मिळते आणि अंबाजोगाईची जागा आपोआप जाते. परत मागता येत नाही. मे महिन्यातल्या एका रात्री 'मी तुझ्याजवळच येणार' असं म्हटलेलं असतं, ते सप्टेंबरात असं प्रत्यक्षात येतं, मग मन बदललेलं असो वा नसो.

म्हणून मी थांबवा असं म्हणणार नाही. यादी मात्र तो दुबईला गेलाय असं समजून भरावी. वरचं नागपूर जीएमसी, म्हणजे तिथलं शासकीय मेडिकल कॉलेज, राहू द्या. १९४७ सालचं कॉलेज, २५० जागा, ते तिथे कुणी असो-नसो वरच हवं.

एक बाप

वाचून आश्चर्य वाटलं. अठराही पूर्ण नसलेल्या मुलांच्या प्रेमाचं नियोजन चाललंय इथे. मला दोन मुली आहेत. मला कळलं तर फोन काढून घेईन आणि यादी मी भरीन. फी आम्ही भरायची, कर्ज आम्ही काढायचं, आणि कॉलेज कुठलं हे पंढरपूरचा मुलगा ठरवणार?

गोंदिया फलाट

फोन काढून घेतल्याने काय होतं ते मी ओपीडीत पाहिलं आहे, दादा. मुलगी दुसऱ्याचा फोन मिळवते आणि त्यानंतर आई-बापांशी खरं बोलणं बंद करते. आणि तुम्ही फोनवर थांबाल, पण सगळे तेवढ्यावर थांबत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, आपल्या राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणी-बीडकडे हे प्रमाण याहून बरंच जास्त. 'पोरीचं काहीतरी चाललंय' एवढ्या कुणकुणीवर स्थळं बघायला सुरुवात होते. ६०० मार्कांची मुलगीही त्यातून सुटेलच असं नाही. ती मावशीला सांगते आणि आईला नाही, याचं कारण हेच आहे.

एक बाप

मी माझ्या मुलींचं लग्न लावायला निघालेलो नाही. त्यांनी शिकावं म्हणूनच बोलतोय. पण पैसे आणि काळजी आमची असताना आम्हाला अंधारात ठेवून सल्ले देणं मला पटत नाही.

कायद्याची बाजू

थोडक्यात सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, अठराच्या आतली व्यक्ती बालक असते आणि शरीरसंबंधाला तिने दिलेल्या संमतीला कायद्यात किंमत नाही. मुलगा अठरा पूर्ण आणि मुलगी सतराची असेल तर घरच्यांच्या एका तक्रारीवर त्याचं करिअर अडकू शकतं. दूर राहणाऱ्या जोड्यांत फोटोंची देवाणघेवाण होते. अठराच्या आतल्या व्यक्तीचा तसला फोटो पाठवणं आणि जवळ बाळगणं, दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, फोटो स्वतःहून पाठवलेला असला तरी. मावशींनी भाचीला ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावी. लाजायचं कारण नाही.

शेवटचा बाक

कायद्याचं सांगितलंत ते बरं झालं, आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

वाटसरू सरांना उत्तर. रोज रात्री दोन तास बोलायलाच हवं हा नियम कुणी केला? आम्ही आठवड्यातून दोनदा बोलतो, लोकेशन शेअर करत नाही, पासवर्ड मागत नाही. गच्चीवरही जातो. तुम्ही जे पाहिलंत तो पहाऱ्याचा त्रास आहे, अंतराचा नाही. एकाच कॉलेजात असलेल्या जोड्यांतही तो असतो.

आणि मांजराकाठ मावशी, त्या मुलालाही एक प्रश्न विचारायला सांगा तिला. हिला लातूर मिळालं तर तो दिवाळीला पंढरपूरला जाताना लातूरला उतरेल का? रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत. ती साडेपाच वर्षांचं कॉलेज बदलायला निघाली आहे, त्याने निदान एक प्रवास बदलावा.

मांजराकाठ

सगळ्यांचं वाचलं. निशिगंध, तुझा मजकूर भाचीला जसाच्या तसा पाठवला. फेऱ्यांचा नियम तिला माहीत होता, पण 'त्याचं आधी ठरतं' हे वाचून ती बराच वेळ गप्प होती. नंतर फोन करून म्हणाली, मावशी, त्याने मला ये म्हटलंच नव्हतं, मीच म्हटलं होतं.

यादी काल बदलली. नागपूर जीएमसी वर तसंच आहे, त्याला माझी हरकत नव्हतीच. त्याखाली लातूर, मग नागपूरचं दुसरं सरकारी कॉलेज मेयो, नांदेड, अंबाजोगाई. गोंदिया आणि चंद्रपूर त्यांच्या खाली. मेयो नांदेडच्या वर का, यावर आमचा वाद झाला. तिने खाटांची आणि विभागांची माहिती काढून ठेवली होती, मी हरले. कायद्याचं सगळं सांगितलं.

थांबण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. निदान पहिलं वर्ष तरी दोघांनी एकमेकांना मोकळं सोडावं असंच मला वाटतं, आणि ते मी तिच्यापासून लपवलेलं नाही. तिला ते मान्य नाही.

एक बाप

आणि तिच्या आई-बापांना कधी सांगणार? प्रवेशाआधी सांगा. माझ्या बायकोच्या बहिणीने माझ्या मुलीची अशी गोष्ट लपवली तर मी तिच्याशी बोलणार नाही.

मांजराकाठ

प्रवेशाआधी नाही. माझे मेहुणे वाईट माणूस नाहीत, पण घरात बहिणीचे सासरे आहेत, भाचीचे चुलते आहेत, आणि गावात गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. एकदा तिचं नाव कॉलेजच्या हजेरीवर चढलं की तिला घरी बसवणं कुणालाही सोपं जाणार नाही. त्यानंतर ती स्वतः आईला सांगणार आहे, असं तिने कबूल केलं आहे. तुम्ही म्हणता तसं बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं तर ते मी सोसेन.