मदत हवी आहे: फणसाच्या ओंडक्याच्या फळ्या चेनसॉने घरीच काढायच्यात

नमस्कार मंडळी, आमच्या वाडीत जुना फणस वादळात आडवा झालाय, बुंधा साधारण २० इंच जाड, आणि जागा अशी उतारावर की टेम्पो काय, बैलगाडी पण पोचणार नाही, त्यामुळे सॉ मिलला न्यायचा विषयच संपला. म्हणून अलास्कन मिल (चेनसॉला बसवून सारख्या जाडीच्या फळ्या काढायची चौकट) घेऊन जागेवरच दोन इंची फळ्या काढायचा विचार आहे, दारं आणि एक झोपाळा होईल. माझ्याकडे ५८ सीसीचा साधा चेनसॉ आहे, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). पण मिलचे क्लॅम्प बारचे ३-४ इंच खातात, मग २० इंच कापणार कसं? दोन्ही बाजू आधी तासून घ्याव्या का सरळ ७० सीसीच्या वरचं मशीन भाड्याने बघू?

दुसरं म्हणजे रिपिंग चेन (लाकूड लांबीच्या दिशेने चिरायची चेन) इकडे मिळतच नाही, दुकानदार म्हणतो नेहमीचीच लाव. तिचे दात ३० अंशात असतात, ते कानशीने १० अंशावर आणले तर चालतं का? पहिल्या कापाला ॲल्युमिनियमची शिडी ठोकून गाईड करणारे. आणि फणसाचा चीक चेनला त्रास देतो का, कोणी प्रत्यक्ष कापलंय का? फळ्या सुकायला सावलीत मध्ये पट्ट्या घालून रचणार आहे, टोकांना तडे जाऊ नयेत म्हणून ऑईलपेंट पुरेल ना?