ऐनवेळची पिशवी तुम्ही कधी तपासता?

काठावरचा: परवा रात्री दोनच्या सुमारास पुराचं पाणी दुसऱ्या पायरीला लागलं. मी निर्धास्त, कारण घर सोडावं लागलं तर उचलायची पिशवी वर्षापूर्वीच भरून दाराशी टांगलेली. उघडली तर टॉर्चमधले सेल पाझरून स्प्रिंगवर हिरवट पूड साचलेली, आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची मुदत कधीच संपलेली. पाणी आपसूक ओसरलं म्हणून निभावलं. तीन वर्षांतली ही दुसरी खेप. तुम्ही पिशवीत काय ठेवता, तपासता कधी?

जुनं_खोड: सेल टॉर्चमध्ये ठेवूच नका, बाहेरून चिकटपट्टीने बांधा. तपासायला ठरलेला दिवस हवा, नाहीतर राहूनच जातं. आमच्याकडे धाकटीचा वाढदिवस, आणि मग सहा महिन्यांनी. पाणी माणशी दिवसाला ४ लिटर, निदान तीन दिवसांचं. चौघांचं ४८ लिटर होतं, ते खांद्यावर कोण वाहणार? तो साठा घरातच उंचावर, पिशवीत दोन बाटल्या.

तर्कटी: तीन वर्षांत दुसरी खेप म्हणता, तर आपत्ती वाढल्यात का? भूकंप वाढलेले नाहीत, हे आधी सांगतो. वाढलंय ते हवामानाचं. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, मग पडतो तेव्हा धो धो पडतो. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने १९७० ते २०१९ मध्ये अशा आपत्ती पाचपट झाल्या (नोंदीही सुधारल्या, ते धरा), पण मृत्यू जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आले. ओडिशात १९९९च्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३च्या फायलिन चक्रीवादळात पन्नासच्या आत, कारण लाखो लोक आधीच हलवले होते. पिशवी घेऊन नव्हे, वेळेत निघून वाचले ते.

काठावरचा: म्हणजे मी दुसऱ्या पायरीपर्यंत थांबलो तेच चुकलं?

जुनं_खोड: हो, स्पष्टच बोलतो. कुठल्या खुणेला निघायचं ते कोरड्या दिवशी ठरवा. आणि गाडी वाहत्या पाण्यात घालू नका, फूटभर पाणीसुद्धा बहुतेक मोटारी वाहून नेतं.

काठावरचा: आज दुपारी घड्याळ लावून पाहिलं. आईला पलंगावरून फाटकापर्यंत आणायला अकरा मिनिटं लागली. व्हीलचेअर स्वयंपाकघराच्या दारात अडकली, बिजागरीतून दार काढावं लागलं. आता खूण पहिल्या पायरीच्याही खाली, फाटकाच्या उंबऱ्यावर केली आहे. लाल रंगाने. आई म्हणते, रंग तरी बरा निवडायचास.