मुलाखतीत फक्त जमेच्या बाजूच विचारायच्या का?

चाकणवाली (धागाकर्ती)

आमचा कारखाना वाहनांच्या सुट्या भागांचा. डिप्लोमा ट्रेनी घेताना जी प्रश्नावली वापरतो ती यंदा मी बदलली. ‘तुमच्यातली उणीव सांगा’ हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी : कोणतं काम हातात आलं की जेवणाची सुट्टी झालेली कळत नाही? कॉलेजातली मुलं तुमच्याकडे कशासाठी येतात? कुणी न सांगता आपणहून काय दुरुस्त केलंत?

उणीव विचारली की उत्तर ठरलेलं : ‘मॅडम, मी फार परफेक्शनिस्ट आहे.’ व्हिडिओ बघून पाठ करून येतात पोरं. नवीन प्रश्नांवर परभणीकडचा एक मुलगा आधी गप्पच बसला. मग गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो म्हणाला, आणि वाइंडिंग जळालंय की नुसता कंडेन्सर गेलाय हे उघडायच्या आधी कसं ओळखायचं ते हातवारे करून सांगायला लागला. मार्कलिस्टवर यातलं काहीच नव्हतं.

आमचे प्रॉडक्शनचे साहेब म्हणतात, हे लाडाचे प्रश्न आहेत. तुम्हाला काय वाटतं?

शॉपफ्लोअर

साहेबांचं बरोबर आहे.

ताई, आयुष्य प्रेसशॉपमध्ये गेलं माझं. प्रेसला (पत्रा दाबून आकार देणारं मशीन) दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात डायखाली (साच्याखाली) राहत नाही. त्यातलं एक बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवणारे महाभाग प्रत्येक शिफ्टला भेटतात. अशा माणसाला जमेची बाजू विचारा. तो म्हणेल, मी इतरांपेक्षा जास्त माल काढतो. आणि खोटं नाही बोलणार तो, खरंच काढतो! मला जाणून घ्यायचंय ते वेगळंच : तुझ्या हातून माल रिजेक्ट झाला तेव्हा सुपरवायझरला सांगितलंस, की खालच्या ट्रेमध्ये सरकवलास?

रिकामटेकडा

माझी जमेची बाजू : मुलाखती उत्तम देतो. नोकरी लागत नाही, तो भाग वेगळा.

पुस्तकी किडा

या पद्धतीमागे बराच विचार झालेला आहे, तो लाडात काढू नका. 1980 च्या सुमारास डेव्हिड कूपररायडर हा विद्यार्थी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये संशोधन करत होता. डॉक्टरांना त्याने मोठ्या यशाच्या आणि मोठ्या अपयशाच्या गोष्टी विचारल्या. यशाच्या गोष्टींत त्याला इतकं सापडलं की त्याचे मार्गदर्शक सुरेश श्रीवास्तव यांनी त्याच दिशेने जायला सांगितलं. दोघांचा निबंध 1987 चा. संस्थेत काय बिघडलंय हे खोदत बसण्यापेक्षा काय उत्तम चालतं ते विचारा, ते पसरेल, असा एकूण सूर. तो नोकरभरतीसाठी नव्हता, पण बलस्थानांवरच्या आजच्या प्रश्नांचं गोत्र तेच.

पुढे ब्रिटिश एअरवेजच्या उत्तर अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांनी ‘हरवलेलं सामान’ हा विषय मांडला, तेव्हा सल्लागारांनी तो फिरवून ‘प्रवाशाच्या आगमनाचा उत्तम अनुभव’ असा केला. लोक मोकळेपणी बोलले.

शॉपफ्लोअर

@पुस्तकी किडा : म्हणजे त्या पोराने सुरुवातीला दोन्ही विचारलं होतं. अपयशाच्या गोष्टी मागाहून गळल्या. आणि ज्याची बॅग हरवली त्याला आगमनाचा उत्तम अनुभव काय ऐकवायचा?

वॉर्डातली

मी नर्स आहे, नागपूर. माझ्या आधीच्या रुग्णालयात (नाव नको) नोकरी सोडणाऱ्या सिस्टरला एचआर बोलवायचं आणि विचारायचं : इथे तुम्हाला अभिमान वाटला असा प्रसंग कोणता? सहकाऱ्यांकडून काय शिकलात? रात्रपाळीला एकीच्या अंगावर किती पेशंट टाकता, हे सांगायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. कुणी बोललंच तर ‘पॉझिटिव्ह बोलूया ना’. सगळे फॉर्म गोड, आणि सिस्टर सोडून चाललेल्याच.

भरतीचं माहीत नाही. पण आत काम करणाऱ्यांना असे प्रश्न फक्त वरून खाली विचारले जातात. मॅनेजमेंटला कधी कुणी विचारलंय, की पगार वेळेवर झाला तो महिना आठवून सांगा?

क्रॉयडनकर

इथे इंग्लंडमध्ये हे जुनं झालं. मोठ्या ऑडिट कंपन्या पदवीधरांना अशाच मुलाखतींतून घेत आल्यात. सरकारी नोकरभरतीच्या चौकटीतही बलस्थानं आहेत, पण ती पाचातली एक. बाकी वर्तणूक, अनुभव, क्षमता आणि तांत्रिक ज्ञान. निव्वळ बलस्थानांवर सहसा कुणी माणूस घेत नाही, हे आधी लक्षात घ्या.

मी स्वतः अशी मुलाखत दिली आहे. पटापट छोटे प्रश्न येतात, आणि समोरचे तुमच्या शब्दांपेक्षा चेहरा बघत असतात, उत्साह दिसतो का म्हणून. मुळात शांत असलेल्या माणसाची पंचाईत. चाकणवाली, तुमचा परभणीचा मुलगा मोटारीचं बोलला म्हणून तरला. तोच मख्ख चेहऱ्याने बोलला असता तर?

दुसरं, यातलं संशोधन वाचाच. 2022 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींचे जुने अभ्यास पुन्हा तपासले. रचनाबद्ध मुलाखत पहिली आली, नंतरच्या कामगिरीशी सहसंबंध 0.42 (1 म्हणजे पूर्ण जुळणी). रचनाबद्ध म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण द्यायची पट्टी आधी ठरलेली. प्रश्न गोड की कडू, ही त्यानंतरची गोष्ट. तुमच्याकडे पट्टी आहे का?

माणदेशी

एक वेगळा मुद्दा. आमच्यासारख्या घरांत स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती केली तर आई पाठीत धपाटा घालायची. मुलींना तर दुप्पट. ‘तुमचं बलस्थान काय’ म्हटलं की आमचं उत्तर ‘आम्ही सगळ्यांनी मिळून केलं’. शेजारी बसलेला इंग्रजी शाळेतला मुलगा ‘आय लेड’ म्हणून मोकळा. मार्क कुणाला मिळणार?

उणिवेचा प्रश्न मात्र आम्हाला सोपा जातो. मोठी यादी तयार असते :)

पुस्तकी किडा

हा मुद्दा मान्य, पण म्हणूनच चाकणवालींचा ‘मुलं तुमच्याकडे कशासाठी येतात’ हा प्रश्न चांगला. त्यात स्तुती दुसऱ्याच्या तोंडची असते. शॉपफ्लोअर, तुमच्या सुरक्षेच्या क्षेत्रातही एरिक हॉलनागेल हा अभ्यासक हेच सांगतो, अपघात मोजता तसं रोज अपघात होत नाही तो कशामुळे, तेही बघा.

शॉपफ्लोअर

‘तेही.’ ‘तेच’ नव्हे. यावर भांडण संपलं असतं, पण ताईंनी उणिवेचा प्रश्न काढूनच टाकलाय.

चाकणवाली

@क्रॉयडनकर : पट्टी नाही. तिघेजण आपापल्या वहीत लिहितो आणि शेवटी बोलतो. पट्टी करायला हवी, पटलं.

@शॉपफ्लोअर : ‘उणीव सांगा’ परत आणणार नाही, त्यातून काहीच हाती लागत नाही. तुमचा रिजेक्ट मालाचा प्रश्न मात्र उणिवेचा नाहीच, घडलेल्या गोष्टीचा आहे. तो घेते. फ्रेशरला वर्कशॉपमधला जॉब (करायला दिलेला तुकडा) बिघडल्याचं विचारेन.

@वॉर्डातली : सोडून जाणाऱ्यांच्या फॉर्मला मी हात लावलेला नाही. लावणारही नाही.

माणदेशी

आणि ज्यांना घेत नाही त्यांना काय सांगता? पूर्वी ‘तयारी कमी पडली’ म्हणायचे, पुढच्या वेळी तयारी करता यायची. आता ‘हे काम तुमच्या स्वभावात नाही’ असं कळवणार? तेही मुलाखतीच्या जेमतेम अर्ध्या तासावरून, एकोणीस वर्षांच्या पोराला?

रिकामटेकडा

मला कुणीच काही कळवत नाही. त्यातल्या त्यात तेच बरं म्हणायचं.

शॉपफ्लोअर

@माणदेशी, आमच्याकडे नापास ट्रेनीला अर्धा दिवस टूलरूममध्ये उभा करतो आणि मग ठरवतो. मुलाखतीत ततपप करणारे तिथे फाइल (कानस) हातात घेतली की वेगळेच निघतात. ताई, तुमच्या साहेबांना विचारून बघा, एक व्हाइस (तुकडा पकडायचा शिकंजा) आणि एक जुना तुकडा देतात का.