प्लॉट-फ्लॅटची गिऱ्हाइकं आणि सोशल मीडिया : महिना ५ हजारात काय करावं?

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात काकांची जागा-फ्लॅटची जुनी एजन्सी आहे. कळंबा, पाचगाव, आर. के. नगर हा आमचा पट्टा. प्लॉट, रिसेल फ्लॅट, थोडं भाड्याचं. दिवाळीपासून मी त्यांच्या हाताखाली बसतोय. काकांचा सगळा कारभार तोंडी. खरेदीखत झालं की गिऱ्हाईक गेलं, पुन्हा फोन नाही. मला जुन्या लोकांशी संबंध टिकवायचेत, आणि पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांपर्यंत पोचायचंय. बजेट महिना ५ हजार, सगळं धरून. मोबाईल आहे तोच वापरणार. एक मार्केटिंगवाले १५ हजार मागतायत, ते परवडणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टा, फेसबुक, कशावर जोर लावू?

नाद_खुळा_७७
भावा, पहिला आयफोन घे. मग गिंबल (मोबाईल हलू न देणारा दांडा), कॉलर माईक, आणि ड्रोन तर पाहिजेच. मी सगळा सेटअप उभा केलाय, विषयच हार्ड. परवाच्या रीलला लाखावर व्ह्यूज. निम्म्या कमेंट 'गाणं कुठलं' अशा आहेत, पण नाव तर झालं की.

गुंठामंत्री
ड्रोन उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर नकाशात झोन बघा म्हणावं, कुठं उडवायला बंदी ते कळतं. उजळाईवाडीला विमानतळ आहे. आणि त्या लाख व्ह्यूजमधून खरेदीखतं किती झाली तेवढं सांगा.

नाद_खुळा_७७
ब्रँडिंगला वेळ लागतो.

शाहूपुरीची_सून
गिऱ्हाइकाच्या बाजूनं बोलते. आमच्या एजंटनं चावी देतानाचा फोटो न विचारता फेसबुकवर टाकला, ह्यांना टॅग करून. 'अभिनंदन साहेब, थ्री बीएचके!' संध्याकाळपर्यंत नणंदेचा फोन, एवढे पैसे कुठनं आले. चुलत दिराला तर लगेच हातउसने पाहिजे झाले. तो एजंट अजून दर पाडव्याला शुभेच्छा पाठवतो, मी उघडतसुद्धा नाही. फोटो टाकायचा तर आधी विचारा. घरातल्या दोघांनाही.

उचगावकर
सून ताईंशी सहमत. बाकी माझं मत, डिजिटल वगैरे काही चालत नाही. सायबर चौकात फ्लेक्स लावा.

पेठेतला
फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते. विनापरवाना लावला तर काढून नेतात, वर दंड.

उचगावकर
मग एवढे वाढदिवसाचे लागलेत ते?

पेठेतला
ते तुम्हीच समजून घ्या.

बाणेरहून_कोल्हापूरकर
तुम्हाला पोचायचंय तो माणूस म्हणजे मीच, म्हणून लिहितो. आईवडिलांसाठी फ्लॅट बघत होतो, सुट्टी मिळत नव्हती. बहुतेक एजंटांनी बिल्डरचं तेच चकचकीत पत्रक पुढं ढकललं. एकानं व्हिडिओ कॉल लावून गेटपासून गच्चीपर्यंत फिरवलं. नळ सोडून पाण्याचा जोर दाखवला, लिफ्टमध्ये व्हीलचेअर मावते का बघितलं, आणि मी न विचारता पार्किंगच्या भिंतीवरची पुराची खूण दाखवली. 'साहेब, २०१९ ला इथवर होतं.' तो फ्लॅट मी घेतला नाही, पण पुढचा त्याच्याकडूनच घेतला. ह्या सगळ्याला खर्च काय, तर त्याचा डेटा.

पांढरारस्सा
२०१९ ला नाही, २०२१ ला पाणी जास्त होतं.

उचगावकर
आमच्याकडं २०१९ लाच जास्त. सामान गच्चीवर होतं आमचं.

पांढरारस्सा
पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा की.

गुंठामंत्री
धोका पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वर्षी ५५ च्या वर. कुणाच्या दारात किती आलं हे गल्लीगल्लीत वेगळं. आता धाग्यावर या. पण ह्यात धागाकर्त्याच्या कामाचं एक आहे. जून-जुलैत 'मान्सून ऑफर' टाकण्यापेक्षा आपल्या पट्ट्यातला कुठला रस्ता बंद, कुठला चालू, पातळी किती, एवढं रोज स्टेटसला टाका. फोटो स्वतः काढलेला, वर तारीख-वेळ. गेल्या वर्षीचा व्हिडिओ फिरवलात तर मात्र संपलात. मी हेच करतो. लोक जागेसाठी नाही, रस्त्यासाठी माझं स्टेटस बघतात, आणि जागेची वेळ आली की नंबर आधीच सेव्ह असतो.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
सर्वांना सप्रेम नमस्कार. समाजमाध्यमांपूर्वी कागद पाहावेत. प्रकल्पाची जाहिरात करताना महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळ द्यावे लागते, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. रील किंवा फेसबुक पोस्ट हीसुद्धा जाहिरातच. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकणाऱ्या एजंटची स्वतःची नोंदणी असावी लागते. आपल्या काकांची आहे काय?

कळंबा_रोड
काकांची आहे सर. माझी एजंटची परीक्षा राहिली आहे.

निवृत्त_मंडळ_अधिकारी
मग परीक्षा आधी. तसेच 'एन.ए. होणार' (म्हणजे जमीन बिगरशेती होणार) अशा भरवशावर गुंठ्याने जागेची जाहिरात कदापि करू नये. माझ्या सेवाकाळात अशा सातबाऱ्यांची...

गुंठामंत्री
साहेब, ह्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. माझ्या नावावर जाऊ नका, माझ्याकडं एक गुंठा नाही.

टेंबलाईवाडी_डिजिटल
मी हेच काम करतो. १५ हजार खरं तर कमीच आहेत, २५ धरा.

कळंबा_रोड
दादा, ५ आहेत.

टेंबलाईवाडी_डिजिटल
५ मध्ये लीड फॉर्म (जाहिरातीतच नाव-नंबर भरून घेणारा फॉर्म) चालवू नका एवढं फुकट सांगतो. फॉर्ममध्ये नंबर आपोआप भरला जातो, लोक बोट लागलं म्हणून पाठवतात. फोन केला की म्हणणार, 'मी कुठं भरला?' त्यापेक्षा दीड-दोन हजार लावून थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडणारी जाहिरात करा, पुणे आणि ठाणे निवडून, मजकूर मराठीत. टाईप करून विचारणारा माणूस खरा.

शिरोली_एमआयडीसी
व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. फुकट आहे. लेबलं लावता येतात : 'भाड्याचं', 'प्लॉट बघतोय', 'खरेदी झाली'. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. माझ्या मेव्हण्यानं बाजारातलं कसलंतरी बल्क सॉफ्टवेअर वापरलं, नंबरच बंद झाला. सतरा वर्षं जुना नंबर होता, दुकानाच्या पाटीवर तोच.

नाद_खुळा_७७
व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घे भावा, फुकट आहे.

शिरोली_एमआयडीसी
मी वर तेच लिहिलंय.

शाहूपुरीची_सून
'सुप्रभात' नका पाठवू फक्त. घेतलेल्या माणसाला काय लागतं? घरफाळ्यावर नाव लागलं का, वीज मीटर नावावर करायला कुठले कागद, सोसायटीचं काय झालं. खरेदीनंतर महिन्याभरानं असा एक मेसेज आला असता तर मीच चार जणांना नंबर दिला असता.

गुंठामंत्री
हे सोन्यासारखं सांगितलं ताईंनी. ह्याला ५ हजारही नकोत, एक वही आणि खरेदीची तारीख पुरे.

उचगावकर
आणि एक फ्लेक्स.

कळंबा_रोड
सगळ्यांचे आभार. लेबलं लावायला घेतली आहेत. सून ताईंचा मेसेज काकांना वाचून दाखवला, ते म्हणाले 'बरोबर आहे', आणि दुसऱ्या दिवशी त्या १५ हजारवाल्यांना तीन महिन्यांचे आगाऊ देऊन आले. तो पोरगा आमच्याच तालमीतला निघाला, घासाघीस करणं बरं दिसत नाही म्हणे. रोज एक रील, अक्षय तृतीयेला ड्रोन.

नाद_खुळा_७७
लई भारी! काकांना विषय कळला.

टेंबलाईवाडी_डिजिटल
मग एवढं करा. पेज, इन्स्टा, जाहिरातीचं खातं, तिन्ही तुमच्या स्वतःच्या ईमेल आणि नंबरवर उघडायला लावा, त्यांना फक्त काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्या. पैसे थांबले की पासवर्ड न देणारे पुष्कळ बघितलेत.

कळंबा_रोड
पेज कालच उघडलंय त्यांनी. कुणाच्या नंबरवर ते बघतो.

पांढरारस्सा
पाचगावात एन.ए. प्लॉटचा रेट काय चाललाय सध्या?